दाजी, पाइप पुन्हा फिरला

दाजी, तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी हौदावर गेलो, तर पाइप फिरलेला होता.

तिसऱ्या दिवशी तुमची राख मी स्वतः सावडली होती. म्हणजे तुम्ही आता नाही, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. आणि शंका घेण्यात मी किती तरबेज आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरीही हौदात पाणी सोडणारा पाइप माझ्या लाल खुणेवरून चांगला चार बोटं सरकलेला. याचे दोनच अर्थ निघत होते. एक, तुम्ही वर जाऊनही सकाळची फेरी चुकवली नव्हती. दोन, गेले पाच महिने मी जे धरून बसलो होतो ते चूक होतं. खोटं कशाला बोलू, दोन्हींपैकी पहिली गोष्ट मला जास्त शक्य वाटली. मी इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात "दाजी?" अशी हाकसुद्धा मारली. हौदातल्या एका चिलापी माशानं तोंड वर काढलं आणि तो परत खाली गेला.

भेटायला येणारे विचारतात, तुमचे दाजी काय करायचे? मी सांगतो, पाणी फिरवायचे. उरवड्याच्या कारखान्यात तुम्ही नोकरीभर तेच केलंत. मशिनकडून आलेलं गरम पाणी गार करायचं आणि परत मशिनकडे पाठवायचं. नोकरीतून निवृत्त झालात, पण पाण्यावरचा तुमचा संशय काही निवृत्त झाला नाही. आमच्या घरी प्यायला तांब्या दिला तरी आधी आत डोकावून बघायचात. "पानी दिसतं तसं नसतं, बापू," असं तुमचं एक ठरलेलं वाक्य होतं, "वरनं फिरतं आन् खाली झोपा काढतं." मला ते वाक्य माणसांबद्दल आहे असंच कायम वाटायचं, आणि त्यातला माणूस मीच असणार अशी खातरी असायची. ते खरोखर फक्त पाण्याबद्दल होतं, हे कळायला मला फार उशीर झाला.

तुम्हाला आठवत असेल, मासे पाळायचं खूळ माझं होतं. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. प्रमाणपत्र लॅमिनेट करून शेडमध्ये टांगलं, हौदाच्या आधी खिळा ठोकला तो त्यासाठी. रिहे गावातला आमचा जुना गोठा पाडून त्याच चौथऱ्यावर चौकोनी हौद बांधायचा, असा माझा आराखडा. तुम्ही तो कागद सरळ धरून बघितलात, उलटा धरून बघितलात आणि माझ्या बायकोला म्हणालात, सुनंदा, जरा परात दे गं, आणि एक चौकोनी डबा. दोन्हीत पाणी ओतलंत, चिमूट चिमूट चहापूड टाकलीत आणि चमच्यानं फिरवलंत. परातीतली पूड गोल गोल फिरत मधोमध येऊन बसली. डब्यातली चारी कोपऱ्यांत जाऊन चिकटली.

"ही चहापूड न्हाई, ही माशाची घाण हाय," तुम्ही म्हणालात. "मधी आली तर मधल्या भोकातनं भाईर जाईल. कोपऱ्यात बसली तर तितंच कुजंल. कोपऱ्यात पानी झोपतं, बापूराव. आन् पानी झोपलं की मासा मरतो."

मी म्हणालो की आपल्याला मासे वाढवायचेत, चहा करायचा नाहीये. तुम्ही मला बापूराव म्हणालात की समजायचं, वाद संपला आणि निकाल तुमच्या बाजूनं लागला. पण मी प्रमाणपत्रवाला. चौथरा चौकोनी आहे तर हौद गोल कशाला, चार कोपऱ्यांची जागा फुकट जाईल, यावर अडून बसलो. आठवडाभर तुम्ही गोल म्हणत होतात आणि मी चौकोन. शेवटी चौकोनाचे चार कोपरे तिरके छाटून आठ बाजूंचा हौद करायचा, अशी तडजोड सुनंदानंच काढली, कारण तिला तिची परात परत हवी होती.

पाइपाची रचना मात्र संपूर्ण तुमची. वरून उभा पाइप, खाली नुसता दाबून बसवलेला काटकोनी एल्बो, तिथून हातभर आडवा पाइप आणि त्याच्या टोकाला आणखी एक एल्बो, असा की पाणी भिंतीला घासून तिरकं सुटेल आणि अख्खा हौद हळूहळू गरगरत राहील. पाण्याचा वेग इतकाच की माशाला पोहावं लागेल पण दमायला होणार नाही. पाइपाचं तोंड दोन बोटं इकडेतिकडे झालं तरी सगळा खेळ बिघडतो, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंत. मी शंभरदा हो म्हणालो आणि एकदाही ऐकलं नाही.

मग तुमची ती तपासणी. पावडरच्या रिकाम्या डब्यात भाताचं तूस भरून तो डबा तुम्ही माझ्या प्रमाणपत्राच्या खिळ्यालाच अडकवला होता. मूठभर तूस पाण्यावर टाकायचं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसायचं. तूस कुठं जातंय, कुठं रेंगाळतंय. वरचं झालं की काठीच्या टोकाला चिंधी बांधून ती तळाशी सोडायची, चिंधी कुठल्या बाजूला फडकतेय ते बघायचं. एखाद्या पोलिसानं चोराची झडती घ्यावी तशी तुम्ही पाण्याची झडती घ्यायचात. आणि हे सगळं माशासाठी, जो तुम्ही आयुष्यात कधी तोंडात घातला नाहीत. काट्याचा भरवसा नसतो म्हणून.

दोन वर्षं छान गेली. मासा वाढला, विकला गेला, गावात माझं नाव झालं. तुमचं झालं नाही, कारण ते मी कुणाला सांगितलंच नाही. हे लिहायला मला आज सोपं जातंय. तुम्ही समोर असताना एकदाही तोंडातून निघालं नाही.

मग मला संशय यायला लागला. आधी तुमच्या टेपचा. तुम्ही हौदाच्या आसपास टेप लावून मापं घेत होतात. मुळशीत कुणी हातात टेप घेतला की माणसाला आधी सातबारा आठवतो. तुमच्या बायकोनं, म्हणजे माझ्या अक्कानं, हक्कसोड करून दिली त्याला पंधरा वर्षं झाली, तिनं कधी अवाक्षर काढलं नाही, आणि तरी मी चार दिवस कागदांची पेटी उघडून बसलो होतो. खरं तर तुम्ही हौदाशेजारच्या माझ्या मोकळ्या तुकड्यात गोल हौद बसतो का ते बघत होतात. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. पण विचारलं तर संशय कसला राहिला?

नंतर पाइपाचा. कधी संध्याकाळी गेलो तर पाण्याची गरगर मंद वाटायची, पाइपाचं तोंड हललेलं दिसायचं. आणि एका सकाळी रस्त्यावरून जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं: तुम्ही हौदात वाकून दोन्ही हातांनी पाइप फिरवत होतात. मी गाडी थांबवली नाही. घरी येऊन सुनंदाला म्हणालो, बघ, आठ बाजूंचा हौद चालत नाही हे सिद्ध करायचंय त्यांना, गोल हौदाचा हट्ट खरा करायचाय. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, सत्तरीचा माणूस तेवढ्यासाठी सकाळी उठून घोटावड्यावरनं हितं येतो?" मला तसंच वाटत होतं. मी असतो तर आलो असतो.

चैत्रात, जत्रेच्या दिवशी सकाळी, हौदावर मासे पालथे तरंगत होते. दोन घमेली भरली. पाइपाचं तोंड थेट हौदाच्या मध्याकडे वळलेलं, एका कोपऱ्यात तळाशी काळा गाळ, हात घातला तर सडका वास. मी पाइप आठवेल तसा जागेवर बसवला आणि दुपारी तुमच्या घरी जत्रेचं जेवायला आलो. सगळे पाहुणे पंगतीत होते. तुम्ही उशिरा येऊन बसलात, दोन घास घेतलेत, आणि मला तेवढंच निमित्त पुरलं.

"दाजी," मी सगळ्यांदेखत म्हणालो, "गोल हौदाचा हट्ट खरा करायला माझं मासं कशाला मारता? पाइप कोण फिरवतंय ते मी डोळ्यांनी बघितलंय."

 अक्का वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग ताटाकडे. "रस्सा लई तिखट झालाय," म्हणालात आणि उठून बाहेर गेलात.

तेवढंच. पुढे पाच महिने आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. राखीपौर्णिमेला अक्का आली, राखी बांधली आणि पाणीही न पिता गेली.

मी मात्र बंदोबस्त केला. सुनंदाचं लाल नेलपॉलिश घेऊन उभ्या पाइपावर आणि एल्बोवर मिळून एक रेघ ओढली. दोन्ही तुकडे एका रेषेत, म्हणजे पाइप जागेवर. फाटकाला कुलूप घातलं. किल्ली ठेवली नेहमीच्या दगडाखाली, जिथं ती ठेवायची हे तुम्हीच मला सुचवलं होतंत. आता हसू नका. मला तेव्हा ते अगदी कडेकोट वाटलं होतं.

रोज संध्याकाळी मी जायचो. कुलूप नीट लावलेलं. पाइप लाल रेघेवरून भिंतीच्या बाजूला सरकलेला. मी चरफडत परत रेघेवर आणायचो. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. माशांचं मात्र बरं चाललं होतं. दिवसा ते तुमचं ऐकत होते, रात्री माझं. सांधा सोल्युशन लावून कायमचा चिकटवून टाकावा असं एकदा मनात आलं होतं, पण मग तुम्हाला पकडणार कसा? मधे दोन दिवस मला ताप होता, जाणं झालं नाही. तिसऱ्या दुपारी अक्काचा सुनंदाला फोन आला, लोणच्याला मीठ किती घालायचं विचारायला. अक्का चाळीस वर्षं लोणचं घालतेय. मी अंथरुणातून सुनंदाला खुणावलं, काही सांगू नकोस, टेहळणी चाललीय.

आणि मग भाद्रपदातली ती सकाळ. तुम्ही हौदावरून घरी गेलात, चहा मागितलात आणि चहा उकळेपर्यंत थांबला नाहीत.

तर पाचवा दिवस. मी लाल रेघेवरून पाइप इकडे सरकलाय की तिकडे, हे बघत उभा होतो. तुम्ही नेहमी भिंतीकडे सरकवायचात, आज तो मध्याकडे वळला होता. तेवढ्यात लाइट गेली. मोटर थांबली, पाणी थांबलं. मी तिथंच कठड्यावर बसलो. कुठं जायची घाई नव्हती आणि घरी कुणाशी बोलावं असंही काही नव्हतं. अर्ध्या तासानं लाइट आली. मोटर आपोआप सुरू झाली, पाइपात पाणी धडकन शिरलं, टोकाच्या एल्बोतून जोरात बाहेर पडलं, आणि दाजी, पाइप माझ्या डोळ्यांदेखत मागे रेटला गेला. बोटभर. कुणाचाही हात न लागता.

मी तो रेघेवर आणला आणि मोटर बंद करून परत चालू केली. पुन्हा बोटभर. पाच वेळा केलं. पाच वेळा तुम्ही मला बापूराव म्हणालात.

आपल्याकडे दिवसातून लाइट किती वेळा जाते, हे काय मला माहीत नव्हतं? पण मी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यात लाइट गेली नव्हती.

मग खिळ्यावरचा डबा काढला. पाइप लाल रेघेवर ठेवला आणि मूठभर तूस टाकलं. तुसानं जरा फिरल्यासारखं केलं आणि पलीकडच्या छाटलेल्या कोपऱ्यात जाऊन गोळा झालं. तिथं ते असं बसलं होतं की जणू मालकानं परवानगी दिलीय. नंतर मी पाइप भिंतीकडे, तुमच्या बाजूला, थोडा थोडा सरकवत गेलो. एका जागी पाण्याचा आवाजच बदलला. तूस कोपऱ्यातून सुटलं, भिंतीच्या कडेनं वळलं आणि गोल गोल फिरत राहिलं, कुठंही न थांबता. काठीची चिंधी तळाशी सोडली, तीही त्याच बाजूला फडकत होती. पाइपाचं तोंड होतं तिथं वाकून भिंतीवरचं शेवाळ बोटानं पुसलं, तर खाली सिमेंटात खिळ्यानं ओढलेली एक बारीक रेघ. हौद बांधला तेव्हाची, तुमची. म्हणजे खूण पहिल्यापासून होती. मी दोन वर्षं तिच्यावर शेवाळ वाढू दिलं आणि माझ्या आठवणीवर नेलपॉलिश लावलं.

त्या सकाळी रस्त्यावरून मी जे बघितलं ते खरंच होतं. तुम्ही पाइप फिरवतच होतात. जागेवर आणत होतात.

एवढं कळल्यावरही अक्कासमोर जायला मला तेरावा होऊन चार दिवस जावे लागले. तुमच्या ओट्यावर ती तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं की अक्का, पाइप आपोआप फिरतो, लाइट आली की फिरतो, दाजी तो नीट करायला यायचे, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोललो ते...

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. तिनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "जत्रंच्या आदी चार दीस ताप व्हता त्यास्नी. हातरुणातनं उठलं न्हाईत. तुजा पाइप कोण नीट करील?"

म्हणजे ज्या चार दिवसांत मासे मेले, त्या चार दिवसांतच तुमचा हात त्या पाइपाला लागला नव्हता. आणि मी भर पंगतीत, तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाला.

मी विचारलं, मग ते बोलले का नाहीत?

"म्या म्हनलं, जावा, सांगा त्याला. तर ह्ये म्हनलं, सर्टिफिकिट हाय त्याच्याकडं, कळंल त्याचं त्याला." अक्काला हसू आलं आणि ते मधेच मोडलं. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "रोज तितनं आलं की हातपाय धुयाचं आन् मला सांगायचं, बापूनं लाल रेघंवर आनलाय पाइप. म्हंजी सांजचा येऊन गेला. बरा हाय. एक डाव दोन दीस रेघंवर न्हवता, तर जेवाना झालं. मलाच म्हनलं, फोन लाव सुनंदाला, बापू आजारी हाय का बग. सरळ इचारू नगंस, न्हाईतर त्येला संशय येईल."

लोणच्याचं मीठ, दाजी.

मी ओट्यावर खाली बसलो. अक्कानं चहा ठेवला, आम्ही दोघांनी प्यायला, तिसरा कप तिनं सवयीनं काढला होता तो तसाच पालथा घातला. निघताना तिनं तुमची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. पान्हा, टेप, चिंध्या, आणि तळाशी पाइप चिकटवायच्या सोल्युशनची डबी. निम्मी वापरलेली, झाकण गच्च. झाकणाला ब्रश.

मी ती डबी घेऊन हौदावर आलो आणि तिथं मला शेवटचा संशय आला. तालुक्यातला कुठलाही गळका सांधा दिसला की तुम्ही न विचारता चिकटवून मोकळे व्हायचात. आमच्या मोरीचा, शाळेच्या टाकीचा, देवळामागच्या नळाचा. हौदावर तुम्ही रोज यायचात, आणि ही डबी रोज तुमच्या खांद्याला होती. त्या एका सांध्याला ब्रशचा एक हात फिरवला असता तर पाइप जन्मात हलला नसता. मासे मेले नसते, ते तुम्ही आधीच केलं असतंत तर. ते एक असो. पण जत्रेनंतर? पाच महिने? तुम्हाला सुचलं नाही, यावर माझा विश्वास नाही. पाइप धुवायला काढता यावा म्हणून सांधा सुटा ठेवला होता, असं कुणी म्हणेल. मीही म्हणून बघितलं. पटलं नाही. पाइप हललाच नसता, तर मी येऊन गेलो हे तुम्हाला कशावरून कळलं असतं?

तुम्हाला समोर बसवून विचारायला हवं होतं. त्याआधी पंगतीतल्या त्या वाक्याची माफी मागायला हवी होती. दोन्ही राहिलं. माफी इथं मागतो. विचारायचं मात्र आता टाळतो, कारण तुम्ही काहीतरी सरळ, पाण्याबद्दलचं उत्तर द्याल अशी मला भीती आहे.

नेलपॉलिश मी खरवडून काढलंय. तुमच्या रेघेवरचं शेवाळ दर रविवारी घासतो. कोपऱ्यांचं मी अजूनही पूर्ण कबूल केलेलं नाही, पण शेजारच्या तुकड्यात खुंटी ठोकून दोरीनं एक गोल आखून ठेवलाय, बघू. डबी पिशवीतच आहे, सांध्याला लावलेली नाही. रोज सकाळी तुमच्या वेळेला जातो, रात्री लाइट जितक्यांदा गेली असेल तितका पाइप सरकलेला असतो, तो तुमच्या जागेवर आणतो, तूस टाकतो, गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसतो. निघताना फाटकाला कुलूप घालतो.

किल्ली दगडाखालीच आहे.